काळ्या खडकापर्यंतचा बर्फ

जगाच्या पार दक्षिण टोकाला, डोंगराखालच्या आमच्या चाल्तेन गावात वारा पडला की दोन गोष्टी होतात. पाहुणे डोंगरावर जातात आणि नेलिदा बार्रिया चादरी धुवायला काढते. बाकीचे दिवस वारा असतो, आणि तो कसा असतो हे बाहेरच्याला कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. एकदा तिची चांगली नवी चादर चिमट्यांसकट उडाली आणि नदीपलीकडच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसली. काढायला कोणी चढेना. अख्खा हंगाम ती तिथे फडफडत होती आणि नेलिदा रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या नावाने बोटं मोडत होती.

त्यामुळे बिनवाऱ्याचा दिवस म्हणजे तिच्या लेखी सोन्याचा. चार खोल्यांचं पाहुणेघर, रोज कोणी येतंय, कोणी जातंय, चादरींचा ढीग कधी संपतच नाही. शेजारच्या सुलेमाने सुकवायचं यंत्र घेतलं तेव्हा नेलिदाने नाक मुरडलं होतं, म्हणे त्यात सुकलेल्या चादरीला करपलेल्या मोज्यांचा वास येतो. आता गंमत बघा, डोंगरावर जायला चांगला दिवस तोच चादरी वाळायला चांगला दिवस. जगभरातून माणसं आली, नेलिदाच्या हातचं खाऊन वर गेली, हिमनदी बघून परत आली. आणि नेलिदा इथेच राहत असून, पायवाट तिच्या परसामागूनच निघत असून, एकदाही वर गेली नव्हती. हसू नका. समुद्राकाठी जन्म काढून समुद्रात पाय न बुडवलेली माणसं तुमच्याकडेही असतील.

बरं, गेली नाही तर नाही, निदान त्या बाबतीत गप्प तरी बसावं? छे. सकाळी न्याहारीच्या टेबलावर पाहुण्यांच्या सहलीचा सगळा बेत हीच आखून द्यायची. मिठाची बाटली म्हणजे डोंगर, लोण्याचा चाकू म्हणजे नदी. दुसरा ओढा लागला की पाणी भरून घ्या, पुढे चढ आहे. वाळलेल्या झाडांचं रान आलं की डावी वाट धरा, उजवी घोड्यांची. तळ्यावर वारा वळून पाठीमागून येतो, म्हणून डबा काळ्या खडकाच्या आडोशाला बसून खा. खाऊन झालं की खडकावर चढा, हात लांब केलात तर बर्फाला लागेल. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण तिच्या शेळ्या नेमक्या जागी पोचायच्या, कारण ही वाट तिने नवऱ्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती की डोळे मिटून सांगावी.

नवरा म्हणजे एवारिस्तो कार्कामो. गिर्यारोहकांचं सामान घोड्यांवर लादून तोर्रे शिखराच्या तळ्याखालच्या तळावर पोचवायचं, हा त्याचा जन्माचा धंदा. नेलिदा लांबच्या नातालेस गावाकडची. हा तिच्या मागे लागला तेव्हा याच्याकडे द्यायला काहीच नव्हतं, म्हणून तो तिला बर्फाबद्दल सांगत बसायचा. काळ्या खडकापर्यंत खाली उतरलेला बर्फ, आतून निळा, आणि दुपारी ऊन चढलं की बोलणारा, वरच्या मजल्यावर कोणी कपाट सरकवावं तसा. तुला दाखवतो, म्हणाला होता. नेलिदा सुलेमाला नेहमी सांगायची की मी लग्न केलं ते त्या बर्फाशी, ह्याचं तोंड बघून कोण करणार होतं?

मग पहिल्या हंगामात घर बांधणं निघालं. दुसऱ्यात माबेल पोटात. मग खोल्या काढल्या, पाहुणे आले, चादरी आल्या. दर वर्षी ती म्हणायची, यंदा पण राहिलंच बघ, माझ्या मेल्या चादरींपायी. आणि तो म्हणायचा, राहू दे गं, बर्फ कुठे पळून जातोय? पुढे पुढे तो हे म्हणेनासा झाला, नुसती मान हलवायचा. पण नवरा काय म्हणाला ते बायको लक्षात ठेवते, काय म्हणायचं थांबला ते कोण ठेवतं?

यंदाच्या हंगामात कोर्दोबाचा एक भूगोलाचा मास्तर उतरला होता. सज्जन माणूस, स्वतःची बशी स्वतः विसळणारा. तो वर जाऊन आला आणि चाचरत म्हणाला, की दोन्या नेली, म्हणजे नेलीबाई, सँडविच उत्तम होतं, मी काळ्या खडकावरच बसून खाल्लं, पण बर्फ तिथे नाही. मध्ये सगळं पाणी आहे आणि बर्फ पार पलीकडे, मागे. नेलिदाने त्याला मायेने समजावलं की तुम्ही दुसऱ्याच कुठल्या तरी खडकावर बसलात, होतं असं नवख्या माणसाचं, दर हंगामात एखादा तरी चुकतोच. रात्री जेवताना तिने हसत हसत ही गोष्ट एवारिस्तोला सांगितली. त्याने चमचा खाली ठेवला आणि मागच्या दाराची कडी बघून येतो म्हणून उठला. कडी लावलेलीच होती.

खरा घोर वेगळाच होता. एवारिस्तोच्या छातीत दोन हिवाळे घरघर होती. कालाफाते शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की अजून एक हिवाळा इथे काढायचा नाही. बर्फ पडून रस्ता बंद झाला आणि रात्री दम लागला तर कोण पोचणार तुमच्यापर्यंत? लेक माबेल समुद्राकाठच्या रिओ गाजेगोसला असते. तिने आईबापांसाठी खोली रंगवून ठेवली. पाहुणेघर एका जोडप्याला दिलं, ईस्टर झाला, इथला हिवाळा तोंडावर आला, की चावी त्यांच्या हातात. नेलिदाने सगळ्याला हो म्हटलं. रडली नाही, कुरकुरली नाही. फक्त एके संध्याकाळी तळलेल्या रोट्यांची परात टेबलावर आदळून म्हणाली, की बर्फ बघितल्याशिवाय मी या गावातून पाऊल काढणार नाही, आणि तो तू दाखवायचास. समुद्राकाठी जाऊन मरेन तेव्हा मरेन, पण ही एक गोष्ट मनात घेऊन नाही मरणार.

मग बेत आखायला सुरुवात झाली. दुसऱ्यांचे बेत चुटकीसरशी आखणारी बाई, पण स्वतःच्या घरात नाकी नऊ आले. मिठाची बाटली, लोण्याचा चाकू, सगळं मांडलं. एवारिस्तो म्हणाला, मला चालवणार नाही. ती म्हणाली, तू चालणारच नाहीस. हंगाम संपतोय, ओब्दुलिओ रिकामे घोडे घेऊन वरचं सामान उतरवायला जातोय, एका घोड्यावर तू. ओब्दुलिओ म्हणजे त्याच्याच हाताखाली शिकलेला, नाही कशाला म्हणेल? एवारिस्तो म्हणाला, तुझे गुडघे. ती म्हणाली, माझे गुडघे रोज जिन्यावरून गाद्या चढवतात, ते काय तुझ्या बापाचे आहेत? मग पुलाच्या फळ्या सडल्यात म्हणाला. मग ईस्टरला वर फार गर्दी असते म्हणाला. मग बूट चावतात म्हणाला, तेव्हा तिने बुटांना रात्रभर मेंढीची चरबी चोळून ते सकाळी त्याच्या पायांशी आणून ठेवले.

शेवटी त्याने हात टेकले. म्हणाला, ठीक आहे, वारा पडेल त्या दिवशी जाऊ. पहाटे उठून सरळ ओब्दुलिओच्या तबेल्यावर. तिने त्याच्या टकलाचा मुका घेतला.

आणि वारा पडला. पडला तो असा की धुराड्याचा धूर सरळ वर. नेलिदा पहाटे उठली, खिडकीतून बघितलं आणि हात आपोआप कामाला लागले. पलंगांवरच्या चादरी ओढून काढल्या, पाणी तापवलं, टबात साबण टाकला. इतक्या वर्षांची सवय, अंगात भिनलेली. बिनवाऱ्याचा दिवस दिसला की या बाईचं डोकं बंद पडतं आणि कोपर चालू होतं. अर्ध्या चादरी दोरीवर चढल्या तेव्हा कुंपणावरून सुलेमा ओरडली, अगं बये, तू वर जाणार होतीस ना आज?

नेलिदा ओल्या हातांनीच स्वयंपाकघरात धावली. एवारिस्तो टेबलाशी बसून शांतपणे माते, म्हणजे इथला कडू पाल्याचा चहा, नळीने ओढत होता. बूट दाराशी तसेच. ओब्दुलिओचे घोडे केव्हाच ओढा ओलांडून गेले होते.

ती म्हणाली, तू मला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, तू कामात होतीस. ती मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. नवऱ्यावर नाही चिडली, स्वतःवरच. पदरात पडलेला दिवस मी माझ्या हाताने साबणात बुडवला, म्हणाली. एवारिस्तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याचा चेहरा त्या वेळी तिने बघितला असता तर काहीतरी कळलं असतं, पण तिने ॲप्रनमध्ये तोंड खुपसलं होतं.

त्यानंतर वाऱ्याने जो सूड उगवला तो विचारू नका. पत्रे वाजले, दारं आदळली, लेंगाच्या झाडांची लाल झालेली पानं रस्त्यावरून लोंढ्याने वाहत गेली. सामान खोक्यांत भरून झालं. भिंतीवरचं घड्याळ उतरलं. नेलिदा रात्री उठून कान देऊन ऐकायची आणि पुन्हा पडायची. ओब्दुलिओची शेवटची खेप उरली होती. ईस्टरच्या आधल्या आठवड्यात एका पहाटे तिला जाग आली ती शांततेने. डोळे उघडते तोच दारावर धडाधडा थापा. सुलेमा. आत शिरली ती थेट खोल्यांत. सगळ्या पलंगांवरच्या चादरी गोळा केल्या, टब उचलला, साबणाची वडीसुद्धा घेतली आणि म्हणाली, की आज या घरात धुण्यासारखा एक रुमालसुद्धा ठेवत नाही मी. सगळं माझ्या यंत्रात घालते आहे, करपलेल्या मोज्यांचा वास आला तर येऊ दे. आणि तू, म्हाताऱ्या, बूट घाल.

एवारिस्तोने बूट घातले. एकेक नाडी इतकी सावकाश बांधली की जणू गाठ मारायला नव्यानेच शिकत होता.

वाटेत काय बोलत होती नेलिदा! घोड्याच्या बाजूने चालत होती आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. प्रत्येक वळण तिच्या ओळखीचं. हा पहिला ओढा. हा दुसरा, थांबा, पाणी भरू. हे बघ, वाळलेल्या झाडांचं रान आलं, डावी वाट. ओब्दुलिओ पुढून हसत म्हणाला, की दोन्या नेली, मी घरी जातो, घोडे तुम्हीच न्या. लाल रानातून ऊन येत होतं, कुठेतरी सुतार पक्षी झाड ठोकत होता, आणि ती प्रत्येक गोष्टीकडे सासरी पहिल्यांदा आलेल्या पोरीसारखी बघत होती. सांगितलेलं सगळं खरं होतं, सगळं जागच्या जागी होतं. तिला नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की तिने घोड्यावरच त्याचा गुडघा दाबला. तो मात्र वाट संपत आली तसा गप्प होत गेला होता. तिला वाटलं, दम लागला असेल.

तळावर ओब्दुलिओ सामान बांधायला थांबला. तिथून तळं दिसत नाही. मध्ये दगडगोट्यांचा एक उंचवटा आडवा आहे, जुन्या बर्फाने ढकलत आणून ठेवलेला. तो चढला की पलीकडे तळं. चढ काही मोठा नाही. एवारिस्तो त्याच्या पायथ्याशी आला आणि एका दगडावर बसला.

“तू जा, नेली. मी बसतो इथे.”

“दम लागलाय?”

“नाही.”

“मग?”

तो खाली बघून काठीने वाळूत रेघा ओढत राहिला. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, गुडघे कडकड वाजले, तरी बसली.

“मास्तर खरं बोलत होता,” तो म्हणाला. “बर्फ खडकाशी नाही. कधीचाच नाही.”

“कधीपासून?”

“माबेल शिकायला गेली त्या वर्षी मी पहिल्यांदा बघितलं. खडक कोरडा होता. पुढच्या वर्षी अजून मागे. मग मी वर बघणंच सोडलं. सामान टाकायचं, घोडे वळवायचे आणि उतरायचं. हा उंचवटा मी किती वर्षांत चढलेलो नाही.” त्याला आता खरंच धाप लागली होती. “मला लाज वाटली, नेली. नवीन बायकोला घर दाखवतो म्हणून आणावं आणि छप्परच गेलेलं असावं, तसं. दर वर्षी वाटायचं, यंदा थंडी पडेल, थोडा तरी पुढे येईल, मग नेऊ तिला. तो मागेच जात राहिला.”

नेलिदाच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला, आणि आधी आला तो राग.

“म्हणजे चादरींचं काही नव्हतं?”

त्याने काठीने वाळूतल्या रेघा पुसल्या.

“त्या दिवशी तू मला मुद्दाम धुवू दिलंस. अरे चोरा, आयुष्यभर मी त्या चादरींना शिव्या घातल्या! मला वाटायचं माझ्यामुळे राहिलं, माझ्या कामाच्या हावेपायी राहिलं. रडले मी तुझ्यासमोर, आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत बसलास.”

“हो,” तो म्हणाला. “त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

ती उठली. त्याच्याकडे पाठ करून तरातरा तो उंचवटा चढू लागली. पायाखालचे गोटे घरंगळत होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि तोंडाने एकेक शिवी बाहेर पडत होती, पुरुषांच्या जातीला, घोड्यांना, भूगोलाच्या मास्तरांना. माथ्यावर पोचली आणि तोंड बंद झालं.

काळा खडक खाली होता, एकटा. मग करड्या रंगाचं पाणी, त्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे. आणि पाण्यापलीकडे तो. दोन डोंगरांच्या मधून उतरलेला, भेगाळलेला, पांढरा, भेगांच्या आत निळा, मागे वर चढत चढत थेट ढगात गेलेला. तिने मनात पक्कं धरलं होतं की आता काहीतरी केविलवाणं, झिजून गेलेलं बघायला मिळणार. पण याच्याआधी तिने काहीच बघितलं नव्हतं, तर कमी कशाशी धरायचं? तिला तो एवढा मोठा दिसला की आधी उभ्या उभ्याच हसू आलं, आणि मग रडू. ती तिथे किती वेळ उभी होती कोण जाणे. पलीकडून एक आवाज आला, खोल, रुंद, कपाट सरकवल्यासारखा. ती दचकली, आणि लगेच वळून खाली उतरायला लागली. अर्धी चालत, अर्धी घसरत.

एवारिस्तो होता तिथेच बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं, “कितीसा उरलाय?”

“मला काय विचारतोस? मी गेलेला कुठे बघितलाय? मला तर सगळाच दिसला.”

“उगीच मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस.”

“तुला बरं वाटावं असं आज काहीही बोलायची माझी इच्छा नाही,” ती म्हणाली. “तो बोलला आत्ता. ऐकलंस?”

“ऐकलं.”

“मग ऊठ. मी दाखवते.”

तिने हात पुढे केला. तो त्या हाताकडे बघत राहिला. बायकोचा हात साबणाने फुटलेला, सांध्यांवर सुजलेला. मग त्याने तो धरला. चढायला त्यांना भलताच वेळ लागला. चार पावलं, मग थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा चार पावलं. ती मागून ढकलत नव्हती की पुढून ओढत नव्हती, त्याच्या बरोबरीने चालत होती. माथा जवळ आला तसा तिने त्याचा हात आणखी घट्ट धरला.

वर आल्यावर तो बघत राहिला. इतक्या वर्षांत आणखी किती गेला होता हे त्याच्या डोळ्यांना एका क्षणात कळलं, आणि ते नेलिदाला त्याच्याकडे बघून कळलं. ती त्याला खाली बसवून शेजारी टेकली, खांद्याला खांदा लावून. मग त्याने खडकाच्या दिशेने बोट केलं.

“तिथपर्यंत होता, नेली. त्या तिथपर्यंत, आणि त्याच्याही वर...”

नेलिदाने त्याचं बोट आपल्या मुठीत घेतलं आणि हात खाली, स्वतःच्या मांडीवर ठेवला.

“ते मला गाजेगोसला सांग. सगळा हिवाळा पडलाय,” ती म्हणाली. “आत्ता आहे तो बघू दे.”